सोबतीला

जिनेश एसटीच्या पायरीवरून पुन्हा खाली उतरला.

"मले नाही जमत भो," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात जाऊ."

अय्युबने त्याचं मनगट धरलं. रोज गाद्या-रजया भरणारा हात तो. पकड सुटायची नव्हती. "मागच्या आठवड्यातबी हेच म्हटलं तू. चढ मुकाट्यानं. प्रियलसाठी तरी चढ."

लेकीचं नाव निघालं तसा जिनेश चढला. कंडक्टरने घंटी मारली आणि धरणगावचा स्टँड मागे पडला.

पावसाळा संपता संपता जिनेश आपलं कापडाचं दुकान सोडून स्वतःच अय्युबकडे येऊन बसला होता. पिंजलेल्या कापसाची धूळ खाली बसल्यावर म्हणाला, "योगराजला एचआयव्ही निघाला."

एकेकाळी हे तिघं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या पडक्या शेडमध्ये नशेचं इंजेक्शन घ्यायचे. तो नाद सुटून वर्षं लोटली होती, पण तेव्हा सुई तिघांत एकच असायची.

"आपणबी तपासून घेऊ, दोघं," जिनेश म्हणाला होता.

अय्युब भडकला होता. "मी कशाले? माझा निकाह तोंडावर आला. पिंपळनेरला तबस्सुमच्या घरी कळलं तर?"

शिवाय त्याला स्वतःची भीती नव्हतीच. वयानं तो मोठा, म्हणून पहिला मान त्याचा. कोरी सुई आधी अय्युबला, मग जिनेशला, शेवटी योगराजला. कोऱ्या सुईतून काय लागणार? धोका होता तो मागच्या दोघांना.

जिनेशने मान डोलावली होती. "मंग माझीच तपासणी करायची. पण एकट्याचे पाय वळत नाहीत. आपल्याकडे दवाखान्यात एकटं कोणी जातं का?"

तेव्हापासून अय्युब त्याच्या मागे लागला होता. आपल्या हातची सुई याच्या हातात जायची, हा विचार त्याला रजईचे टाके घालतानाही सोडत नसे. लग्नाआधी जिनेशचं एकदा कळलं की मन मोकळं होईल, असं त्याला वाटे.

पाळधीच्या अलीकडे वेचणी संपलेल्या कपाशीची शेतं लागली. बोंडात कुठे कुठे चुकार कापूस अडकला होता.

"जिनिंगमधला ढीग आठवते?" अय्युब म्हणाला. "तू हरवला होता त्याच्यात."

"हरवलो नव्हतो. झोपलो होतो."

"तुझ्या आईनं जिनिंग डोक्यावर घेतली. अन् बापानं सापडल्यावर हाणलं."

"तुलेबी हाणलं."

"मले फुकट!"

दोघं हसले. पुढच्या सीटवरच्या म्हातारीने वळून पाहिलं.

"खातूनचाचीची खिचडी," जिनेश म्हणाला. "दिवस मावळायच्या आत मले जेवू घालायची. जैनाचं मी, पण सूर्याकडं लक्ष तिचं. गच्चीवरून हाका मारायची, जिनेस, दिन डूब रहा, पहले खा ले."

अय्युबच्या अम्मीला जाऊन आता बरेच दिवस झाले होते. "एक सांगू?" अय्युब म्हणाला. "लसूण टाकायची ती त्याच्यात. तुले म्हणायची, नाही टाकला."

"माहीत होतं मले."

"मंग खायचा कसा रे?"

"इतक्या मायेनं खोटं बोलायची बिचारी. नाही कसं म्हणू?"

जळगावला सरकारी दवाखान्यात नुसती गर्दी होती. अय्युब पाट्या वाचत उभा राहिला. जिनेश मात्र "इकडून असंल" म्हणत डावीकडच्या जिन्याला लागला.

तपासणी केंद्रात सुनंदाबाई नावाच्या समुपदेशक बसल्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

"याची करायची आहे," अय्युब म्हणाला.

"आधी हा," जिनेश म्हणाला. "मग मी."

"अरे, मी सोबतीला आलो!"

"पहिला मान तुझा ना? तू बस, मले धीर येईल. नाहीतर मी चाललो स्टँडवर."

"भित्रट लेकाचा," म्हणत अय्युब खुर्चीवर बसला. एवढ्या लांब आणून आता याला सोडायचा नव्हता.

"हे इथं असले तर चालेल?" सुनंदाबाईंनी अय्युबला विचारलं.

"त्याच्यापासून काय लपलंय बाई?"

त्या विचारत गेल्या. अय्युबने सांगून टाकलं. कोऱ्या सुईचं जरा अभिमानानंच सांगितलं.

"आणि औषध कालवायला पाणी?"

"शेडमध्ये वाटी होती ना. भरलेलीच असायची."

"तुमच्या आधी तिथं कोणी बसायचं?"

"बसायचे की. आम्ही पोचलो की ते उठायचे. वाटी त्यांचीच."

"म्हणजे त्यांच्या वापरलेल्या सुया त्याच पाण्यात बुडायच्या," सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमची सुई कोरी होती. पाणी कोरं नव्हतं."

अय्युबने जिनेशकडे पाहिलं. जिनेश खिडकीबाहेर पाहत होता. खाली कोणाच्या तरी रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला. अय्युबला तबस्सुम आठवली. साखरपुड्याला ओढणीआडून एकदाच हसलेली.

"लागण असली तरी रोजच्या गोळ्यांनी माणूस पुरं आयुष्य जगतो," सुनंदाबाई म्हणाल्या. "संसारही करतो. फक्त कळायला हवं. घेऊ रक्त?"

अय्युबने बाही वर सारली.

सुई टोचली, नळीत रक्त आलं, कापसाचा बोळा दाबून तो उठला. आवाज त्याने नेहमीचाच ठेवला.

"चल. आता तू. कारणं नको सांगू."

जिनेश जागचा हलला नाही. सुनंदाबाईंनीही दुसरी सुई काढली नाही.

"बाई, याचं रक्त घ्या ना," अय्युब म्हणाला.

सुनंदाबाईंनी अय्युबच्या नळीवर चिठ्ठी चिकटवली.

"प्रियल पोटात होती तेव्हाच माझं घेतलं त्यांनी, भो," जिनेश म्हणाला. "तेव्हापासून इथल्याच गोळ्या खातो मी."