कापसातली साखर

सुगंधाबाईने नवऱ्याच्या आणि लेकाच्या ताटात कापूस वाढला. मूठमूठ. शेजारी मिठाची चिमूट ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

जीवरामभाऊंचं डोकंच फिरलं. ही काय थट्टा, असं ते ओरडले. थट्टा कशाची, ती म्हणाली, तुमच्या शिकलेल्या लेकानेच काल सांगितलं, कापूस म्हणजे साखरच.

सांगितलं होतं खरं. रतिलाल पुण्याला रसायनशास्त्र शिकून आलेला. त्याने ओसरीवर कोळशाने षटकोन काढला: पाच कोपऱ्यांवर कार्बन, सहाव्यावर ऑक्सिजन. ही ग्लुकोज साखर. तिचे मणी ओवले की ज्वारीचं पीठ. तेच मणी एक सुलट, एक उलट ओवले की कापूस. जीवरामभाऊ खूश. दोन्ही एकच, तर ज्याला भाव ते पेरू! यंदाही सगळ्या वावरात कापूस. ज्वारी काय, बाजारात मिळते.

कुठे मिळते? महायुद्ध सुरू झाल्यापासून त्यांच्या असोदा गावापासून जळगावपर्यंत दुकानं पालथी घातली तरी दाणा मिळत नव्हता. घरात गर्भार सून इंदिरा हरभऱ्याच्या वाळवलेल्या पाल्याच्या भाजीवर दिवस काढत होती. आणि हे शहाणे मणी ओवत बसलेले!

रतिलालने ताट सरकवलं. हळूच म्हणाला, "माय, ते उलटे मणी माणसाच्या पोटात सुटत नाहीत. गुरांना पचतात."

"मंग गुरायलेच देते."

ती उठली. उद्याच्या धूळपेरणीसाठी, पावसाआधीच्या कोरड्या पेरणीसाठी, ठेवलेलं सरकीचं पोतं तिने ओढत नेलं आणि गव्हाणीत रिकामं केलं. जीवरामभाऊ धावले, पण बैल तुटून पडले होते. गावात बियाण्याला दुसरी सरकी उरली नव्हती. आता वावरात काय माती पेरू, असं त्यांनी विचारलं.

सुगंधाबाईने उतरंडीच्या तळचं मडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. आत ज्वारी होती.

रतिलाल उसळला. घरात दाणे असताना इंदिराला उपाशी ठेवलं?

"ठेवलं," ती म्हणाली. "मी बी राह्यली. दळली असती तं दोन दिवसांत सरली असती, अन् तुमी पुन्हा कापूसच पेरला असता."

इंदिरा आतून आली. मडक्यात हात घालून तिने मूठ भरली, नाकाशी नेली. मग मूठ मडक्यात मोकळी केली, दाणा तोंडात टाकायचा मोह होऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं सासऱ्यापुढे सरकवलं.

"मामंजी," ती म्हणाली, "एक दाणा सांडू नका."