सरासरी एकशे दहा

दार वाजलं तसा टेलरमास्तरांनी आधी पंखा बंद केला.

"मास्तर, मीटर बघायचंय," बाहेरून मीटरवाली म्हणाली. "आहात ना घरात? आत्ता तर पंखा फिरत होता."

मास्तर कापायच्या टेबलामागे गप्प बसून राहिले. आवाज होईल म्हणून हातातली कात्रीसुद्धा खाली ठेवली नाही. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून चिठ्ठी आत सरकली. 'घर बंद. बिल सरासरीने.' मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

कित्येक महिने हे असंच चाललं होतं. मीटर आतल्या भिंतीवर होतं आणि मास्तर दार उघडत नव्हते. मीटर बघायला मिळालं नाही की कंपनी आधीच्या वापराची सरासरी काढून बिल पाठवायची. बिल आलं की मास्तर चष्मा लावून युनिटांचा आकडा तेवढा बघायचे. एकशे दहा. मान हलवायचे आणि त्याच दिवशी बिल भरून यायचे.

तसा माणूस सत्तरीचा, एकटा. मुलगी लांब, तिच्या संसारात. पूर्वी ते कापायचे आणि बायको मोटरच्या मशीनवर शिवायची. वर्षापूर्वी ती गेली तसं दुकानही मिटलं. आता असा माणूस आतून कडी घालून मीटर लपवतो म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजले. आणि लोकांना तरी काय दोष द्यायचा?

समोरचा इस्त्रीवाला तर चारचौघांत म्हणायचा, "आत शेगड्या पेटवतो म्हातारा. बिल सरासरीचं, थाट राजाचा."

हाच इस्त्रीवाला एकेकाळी रोज दुपारी मास्तरांकडे चहाला यायचा. आता रस्त्यात दिसला तरी मान फिरवायचा. घर मास्तरांना खायला उठायचं. कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत असं फार वाटायचं, पण दार उघडायची छाती होत नव्हती.

त्यात सरकारने नवीनच काढलं. शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांना दर बांधून द्यायचा. कोण आत आणि कोण बाहेर हे कळायला प्रत्येक मीटर डोळ्यांनी बघायचं, म्हणजे सरासरी कायमची बंद. लोकांचं म्हणणं ऐकायला नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी ठेवली होती.

सभागृह भरलं होतं. कंपनीचा साहेब म्हणाला, "दर बांधला तर खांब आणि तारा कशाच्या जोरावर दुरुस्त करायच्या? आज स्वस्त द्याल आणि उद्या अंधारात बसाल."

इस्त्रीवाला उठला. "आणि दर तुमच्या हातात दिला तर गावभर लोक चुरगळलेले कपडे घालून हिंडतील, साहेब. त्यांचं काही जाणार नाही, माझी चूल विझेल."

लोक हसले. हशा ओसरला तेव्हा मास्तर उभे राहिले. अंगात स्वतः शिवलेला जुना कोट होता.

"दर बांधा नाहीतर सोडा, माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "सरासरी तेवढी बंद करू नका."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सरासरीची तर सगळे तक्रार करतात. तुम्हाला का हवी?"

"बरी पडते."

"घरात माणसं किती?"

मास्तर अडखळले. "दोन."

"साफ खोटं," इस्त्रीवाला ताडकन म्हणाला. "एकटा राहतो, बाई. वर्षभर कुणाला मीटर बघू दिलं नाही. चोर आहे हा, आणि वर तोंड करून बोलतोय."

सगळ्या माना वळल्या. मास्तर खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर पडले आणि घरापर्यंत एकटेच चालत गेले. वाटेत कुणी 'काय मास्तर' म्हटलं नाही. लाज तर वाटलीच, पण भीती जास्त वाटत होती. मीटर बघितलं की सगळं संपणार होतं.

तीन आठवड्यांनी मीटरवाली प्रत्येक मीटर बघायचा हुकूम घेऊन आली. सोबत साक्षीदार म्हणून इस्त्रीवाला होता, तो स्वतःहून आला होता. या वेळी दार उघडलं नसतं तर कडी तोडणार होते. मास्तरांनी दार उघडलं.

आत एक दिवा आणि एक पंखा. कापायचं टेबल, आणि भिंतीशी चादरीखाली झाकलेलं मोटरचं मशीन. इस्त्रीवाला स्वयंपाकघरात जाऊन आला, पलंगाखालीही वाकून बघून आला. शेगडी कुठेच नव्हती. तो डोकं खाजवत उभा राहिला.

मीटरवालीने आकडा टिपला. हातातल्या यंत्रावर दाबून बघितला, पुसला, पुन्हा दाबला.

"मास्तर, हे तर उलटंच निघालं," ती म्हणाली. "महिन्याला एकशे दहा युनिटांचं बिल भरत आलात तुम्ही, आणि वापर जेमतेम तीस. चोरी कसली, कंपनीच तुमचं देणं लागते."

इस्त्रीवाला खाली बघायला लागला. "मास्तर, मला काय माहीत," तो पुटपुटला.

"आता तीसच लावते," मीटरवाली म्हणाली. "बांधलेला दरही मिळेल तुम्हाला. सुटलात बघा."

मास्तर मशीनपाशी गेले. चादरीचं एक टोक लोंबत होतं, ते त्यांनी नीट केलं.

"एकशे दहाच राहू दे ना, पोरी."

"अहो, पण वरची ऐंशी युनिटं तुम्ही वापरतच नाही."

"ती माझी कुठं आहेत?" मास्तर म्हणाले. "ती तिची आहेत."