नाव कोरलेला डबा

"हाही डबा चालला? आपल्या घरात एकही जागेवर राहत नाही," मी कुरकुरले. आईने हसत हळिवाचे लाडू भरले आणि डबा समोरच्या बाळंतिणीला दिला. "मला परत नको गं. भरून दुसऱ्या कुणाला दे." दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

सुतकात मागच्या गल्लीतली बाई पिठलंभात घेऊन आली. डब्यावर आईचं नाव कोरलेलं होतं.

"हा तुमच्याकडे कसा?"

"माझ्या आजारपणात शेजारणीने दिलेला. तिला कुणी दिला, कोण जाणे."

आमच्या घरात आईच्या नावाचा आता तेवढाच डबा होता. मी तो कपाटात जपून ठेवला.

महिन्याने खालचे काका तापाने फणफणले. मी नावावरून बोट फिरवलं, डब्यात मऊ भात भरला आणि खाली गेले.

"उद्या घासून देतो."

"मला परत नको, काका. भरून दुसऱ्या कुणाला द्या."