एका वेळी एकच डेन्झिल

डेन्झिल हे नाव मुळात आमच्या कॉर्नवॉलमधल्या एका शेतजमिनीचं. जमीन कधीच हातची गेली, पण थॉमसिनच्या सासरच्यांनी नाव तेवढं जपलं. त्या घरात एका वेळी एकच डेन्झिल असायचा. त्याला समुद्रानं नेलं की मगच पुढच्या बाळाला ते नाव मिळायचं.

एका वर्षी तिच्या मुलाची, डेन्झिलची, होडी वादळातून परतली नाही. शेजारणी डोळे पुसत आल्या, तर थॉमसिननं त्यांना दारातूनच फटकारलं. “रडताय कशाला? पोरगा मासे धरायला गेलाय, मरायला नाही.” रोज ती त्याच्यासाठी वेगळी पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, भाजायची, कोपऱ्यावर त्याच्या नावाचं अक्षर काढून.

हिवाळ्यात सुनेला, डेन्झिलच्या बायकोला, मुलगा झाला. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी बाळाचं नाव विचारलं, तर सुनेनं सासूकडे पाहिलं.

“पोरी, वाट पाहणं आता पुरे,” थॉमसिन म्हणाली आणि नाव तिनंच सांगितलं, “डेन्झिल.”

त्या दिवसापासून तिनं ती पेस्टी भाजणं बंद केलं. पण रडली नाही.

वसंतात ब्राझीलहून परतलेल्या जहाजातून तिचा मुलगा उतरला. जाताना त्याच जहाजानं त्याला पाण्यातून उचललं होतं. अख्खं बंदर त्याच्यामागं नाचत घरापर्यंत आलं. त्यानं पाळण्यातलं बाळ उचललं आणि हसत विचारलं, “आई, नाव काय ठेवलंस गं याचं?”

 

थॉमसिन तेव्हा पहिल्यांदा रडली.