झोपलेलं गिऱ्हाईक

"हा बाण परत दाराकडे का गेलाय?" बाबांनी विचारलं.

गाद्यांच्या दुकानातल्या मागच्या भिंतीवर लेकीने मोठा कागद चिकटवला होता. गिऱ्हाईक आत येतं तिथपासून गादी त्याच्या घरी पोचते तिथपर्यंतचा एकेक टप्पा चौकोनात लिहिलेला, मधे बाण. असंच चाललं तर दुकानाला टाळं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून आठवडाभर कोपऱ्यात बसून तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पाळत ठेवली होती.

"कारण लोक इथे अडकतात." तिने 'गादीवर पडून बघणे' या चौकोनावर बोट ठेवलं. "पडून बघतात, झोपतात, उठतात, तुमचे आभार मानतात आणि घरी जातात. बाबा, आपण दुकान नाही, धर्मशाळा चालवतोय."

"झोप लागते म्हणजे माल चांगला आहे."

"मग उठवा ना त्यांना!"

"गाढ झोपलेल्या माणसाला? माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मी उठवते. आता बघाच."

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. बाईच्या खांद्यावर तान्हं बाळ, रडून रडून लाल झालेलं. नवऱ्याने गादीला पाठ टेकली आणि बघता बघता घोरायलाच लागला. लेक सरसावून पुढे झाली.

"नका हो उठवू," बाई काकुळतीला आली. "रात्र रात्र येरझारा घालतात बिचारे. जरा धरता?" उत्तराची वाट न बघता तिने बाळ लेकीच्या हातात दिलं आणि शेजारच्या गादीवर आडवी झाली. तीही झोपी गेली.

लेक बाळाला थोपटत दुकानभर फिरली. बाबांनी दिवा मालवला. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग थांबलं.

बऱ्याच वेळाने नवरा दचकून उठला. बायको झोपलेली, बाळ झोपलेलं. तो गादीकडे बघत राहिला.

"भाव काय?" तो कुजबुजला.

बाबांनी कुजबुजत सांगितला.

"फार होतो हो."

एरवी इथून पुढे दुकान डोक्यावर घेतलं जायचं. गिऱ्हाईक तावातावाने बोलायचं, बाबा शपथा घ्यायचे, शेवटी कोणीतरी तणतणत निघून जायचं. आज आवाज चढवायची सोयच नव्हती. बाबांनी हातानेच थोडं कमी करून दाखवलं. नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. बाळाने चुळबुळ केली, तसा दोघांनीही श्वास रोखला आणि घाईघाईने हातात हात दिला. दोन्ही गाद्या पक्क्या.

"हिच्याखालची मात्र आत्ता काढू नका," नवरा म्हणाला.

लेक थक्क होऊन बघत होती. बाबा चवड्यांवर चालत नवऱ्याजवळ गेले आणि त्याच्या कानाशी लागले.

"उद्या दुपारी बाळाला जरा आणाल का? हॉस्टेलवाले यायचेत. मोठी ऑर्डर आहे."