गिरधरचा गाईड

"खुर्ची नको बापू, मी खालीच बसते. त्या गाईडचं चित्र तेवढं आज जरा जास्त वेळ ठेव," सोजरबाई म्हणाली.

गिरधरनं मान हलवली आणि यंत्रातली बत्ती पेटवली.

शनवाऱ्याच्या मैदानात पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. समोर पोरं, बाया, केळीवाले, मागावरून उठून आलेले विणकर. राजधानी नागपूरची भोपाळला गेली, त्यानंतरचा उन्हाळा. गिरधर सालभर गावात नव्हता. परतला तो काचेवरच्या चित्रांची पेटी आणि डोक्यावर हॅट घेऊन. तेव्हापासून दर बाजाराच्या संध्याकाळी त्याचा खेळ लागायचा : आफ्रिकेची जंगलसफारी.

"हा हत्ती," गिरधरनं काडीनं दाखवलं. "नैरोबीच्या उद्यानातला. आमची जीप इथं, अन् हा इथं."

"तिकडं केळी हाय का?" शाहपूरच्या चुडामणनं विचारलं.

"लई."

"मग हत्ती सोडतो का?"

"सोडतो कसा! एका बैठकीला आख्खा बाग."

"मग सरकार काही देतं का?"

"कोणाला, हत्तीला?"

सगळं मैदान हसलं. चुडामणपण हसला. नुसता शालिग्राम घड्याळजी हसला नाही. तो खिशात भिंग घेऊनच यायचा.

"जिराफ कुठाय रे?" त्यानं विचारलं.

"जिराफ उंच पडला. चित्रात मावला नाही."

मग ते चित्र आलं. उंच गवत, गवताआड सिंह. बाजूला खाकी कपड्यातला एक तरणा पोरगा, टोपीची सावली डोळ्यांपर्यंत, ओठांवर हसू.

"हा जुमा. आमचा गाईड. याच्यामुळं मी आज तुमच्यापुढं उभा हाय. फोटो घ्यायला उतरलो, पाय चिखलात रुतला. समोर हा सिंह. जुमा मधे येऊन उभा राहिला. नुसतं म्हणाला, बस. सिंह बसला!"

"मराठीत म्हणाला?" शालिग्राम.

"जनावराला डोळ्याची भाषा कळते. तुला मराठीत सांगून कळत नाही."

"पण तुझा सिंह झोपल्यासारखा का दिसतो?"

"जेवून आला होता."

परत हशा. त्या हशातून सोजरबाईचा आवाज आला, "अन् मग? भ्याला नाही का तो पोरगा?"

"जुमा? सिंहाच्या कानात बोट घालील मावशी!"

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरत नसावं.

ती तापीपलीकडून, जैनाबादहून यायची. नदीचं पाणी उतरलेलं, ती दगडादगडानं चालत यायची. तिकडून खेळाला येणारी ती एकटीच. खेळ संपला की सगळे उठायचे, ही बसून राहायची. कळण्याची भाकरी आणि ठेचा गिरधरपुढं ठेवायची आणि विचारायची.

"तो पोटभर जेवायचा का रे?"

"माझ्या वाटची दशमी खायचा."

"हसायचा का?"

"दिवसभर! मलाच गप्प कर म्हणावं लागे."

गिरधरच्या थापांबद्दल जन्मात इतकं कोणी विचारलं नव्हतं. तोही दर खेपेला एक नवी गोष्ट पैदा करायचा. जुमा झाडावर चढला. जुमानं बिबट्याला हाकललं. जुमा गातोसुद्धा बेस. ती ऐकत राहायची, आणि शेवटी हमखास म्हणायची, "ते चित्र मला कागदावर काढून दे ना बापू."

"नाही जमत मावशी. तिथल्या सरकारची मनाई हाय. ते चित्र यंत्रातच बरं."

"बरं बाबा," ती म्हणायची. पुढच्या बाजाराला परत भाकरी, परत तेच.

मग एका बाजाराला ती आलीच नाही.

हत्ती झाला, सिंह झाला. पाय चिखलात रुतला, जुमा मधे आला, सिंह बसला. गिरधर थांबला. "अन् मग?" कोणी म्हणालं नाही. चुडामणनं मोठी जांभई दिली. गिरधरनं उरलेली चित्रं भराभर सरकवली आणि बत्ती विझवली.

रात्रभर त्याला काही चैन पडलं नाही. म्हातारी इतक्या लांबून भाकरी आणते, आणि आपण कागदाचा एक तुकडा देत नाही! शालिग्रामनं कागदाला भिंग लावलंच, तर ते पुढं बघू. दोन दिवसांनी त्यानं त्या चित्राचा कागदावर फोटो धुतला, वाळवला, सदऱ्याच्या आत घातला आणि राजघाटावरून नदी उतरला.

त्या दिवशी आखाजी होती. घरोघरी पितरांच्या घागरी भरलेल्या. सोजरबाईच्या घरातही पाटावर पाण्यानं भरलेली लाल घागर, वर खरबूज.

"गुडघे धरले रे बापू, म्हणून आले नाही," ती भिंतीला धरून उठली.

गिरधरनं फोटो काढून तिच्या हातात दिला. "घे. सरकारला सांगू नको."

तिनं फोटो दोन्ही हातांत धरला. कपाळाला लावला. मग वळली आणि घागरीला टेकवून उभा केला.

"मावशी, मावशी!" गिरधर ओरडला. "हे काय करते? घागर मेलेल्या माणसाची. जुमा तिकडं ठणठणीत हाय!"

सोजरबाईनं फोटोला कुंकू लावलं. डोळे पुसता पुसता ती हसायला लागली.

"माझा पोरगा हाय हा, दगा नाव त्याचं. सर्कशीत सिंहाला खाऊ घालायचा, तिकडंच तापानं गेला. एक फोटो नव्हता रे त्याचा. सारा मुलूख हिंडला होता, आफ्रिका तेवढी राहिली होती. ती तू फिरवून आणली. बस बापू, पान वाढते. त्याच्या नावानं तूच जेव. अन् पुढच्या बाजाराला ते सिंहाचं जरा मोठ्यानं सांग, मागं ऐकू येत नाही."