पालकाचा रकाना

"बाळ कुठंय?" लसीकरणाच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"मीच," हेडक्लार्क म्हणाले.

त्यांना अठ्ठावन्नावं लागलं होतं. मागच्या बाकांवर सात तान्ही एका सुरात रडत होती. त्यांनाही तेच करावंसं वाटत होतं, पण वय आडवं येत होतं.

रक्ताच्या कर्करोगातून ते वाचले, ते धाकट्या बहिणीच्या पेशींवर. पेशी जुळत होत्या निम्म्याच. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हात वर केले असते. अंगात शिरल्याबरोबर त्या पेशींनी त्यांच्या कातडीवर आणि आतड्यांवर राग काढला. नव्या औषधांनी त्यांची कशीबशी समजूत घातली. खुद्द धाकटी मात्र जन्मात कधी रागावली नव्हती, असं हेडक्लार्कांचं ठाम मत होतं.

या भानगडीत लहानपणीच्या सगळ्या लशी पुसल्या गेल्या. आता डांग्या खोकल्यापासून पुन्हा श्रीगणेशा. तोवर शेजारी कुणी शिंकलं तरी जीव मुठीत. हा चौथा हेलपाटा होता.

"कॉम्प्युटर तुमचं जन्मसाल घेत नाहीये हो. सारखं लाल होतंय."

"मोठ्यांच्या विभागात ही लस नाही. इथं मी बसत नाही. मग मरू कुठल्या विभागात, तेवढं सांगा!"

"जन्मतारीख म्हणून पेशी दिल्या ती तारीख टाका," मागून धाकटी म्हणाली. "आणि पहिले डोस दोन्ही दंडांत वेगवेगळे द्या."

कॉम्प्युटरनं तारीख मुकाट गिळली.

"तुम्ही नर्स का?" बाईंनी विचारलं.

"नाही. राहून गेलं."

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "पालकाची सही."

"पालक? या वयात?" हेडक्लार्क कडाडले. सात तान्ही क्षणभर गप्प झाली. "अहो, बत्तीस वर्षं अर्ज तपासलेत मी!"

"मग तुम्हाला माहीतच असेल. रकाना रिकामा असला की अर्ज परत."

हा खाक्या त्यांचाच होता.

धाकटीनं फॉर्म ओढला, पेनचं टोपण काढलं.

"नीट वाचून सही कर," सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

"वाचत बसलं की राहून जातं, दादा," ती म्हणाली, आणि सही करून मोकळी झाली.

वडील गेले त्या वर्षी 'वाचून सांगतो' म्हणत सहीविना ठेवून घेतलेला तिचा नर्सिंग कॉलेजचा फॉर्म अजून हेडक्लार्कांच्याच कपाटात होता.